एक फाटक, साडेतीन पहारेकरी

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मराठवाड्यातील तालुक्यांच्या गावी मैदाने पहाटेच जागी होतात. परभणी जिल्हाही त्याला अपवाद नाही. कोरडवाहू शेती, कापूस आणि सोयाबीनचे बेभरवशाचे उत्पन्न आणि मोठ्या कारखानदारीचा अभाव यांमुळे येथील तरुणाला सरकारी नोकरीइतका दुसरा आधार दिसत नाही. राज्यात २०२४ मध्ये झालेल्या पोलीस भरतीत १७,४७१ पदांसाठी सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले होते. एका जागेमागे शंभराहून अधिक उमेदवार, असे हे प्रमाण. निवड झालेल्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात, गावात सत्कार होतो. उरलेल्यांचे पुढे काय होते, याची मात्र कोठेच नोंद होत नाही.

त्यातील अनेकांच्या अंगावर पुढे वर्दी चढते खरी. पण ती पोलिसांची नसते. देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसने मुंबई गाठून, अथवा पुणे, चाकण, रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्यात जाऊन हे तरुण कुठल्या तरी एजन्सीचे ‘सिक्युरिटी’ होतात. काही जण जिल्ह्यातच राहून बँक, रुग्णालय, महाविद्यालय, गोदाम किंवा जिनिंगच्या फाटकावर उभे राहतात. दोन-चार महिन्यांची सोय म्हणून धरलेली नोकरी बघता बघता दहा वर्षांची होते. नागरी जीवनाचा एवढा मोठा भार वाहणारा हा व्यवसाय नेमका काय आहे, त्याचे किमान नियम कोणते आणि ते कोठे मोडतात, याची चर्चा मात्र एखादी चोरी किंवा दुर्घटना घडल्यावरच होते, आणि तीही ‘वॉचमन काय करीत होता?’ या एका प्रश्नापाशी संपते.

कागदावरचा रक्षक

पहारा हा आपल्याकडे नवा व्यवसाय नव्हे. जुन्या गावगाड्यात रात्रीची राखण करणारा जागल्या होता आणि त्या कामाचा मोबदला गावाने ठरवून दिलेला होता. शहरांत ही जागा पुढे गुरख्याने आणि वॉचमनने घेतली. १९९१ नंतरच्या उदारीकरणात कार्यालये, मॉल, एटीएम आणि बंदिस्त गृहसंकुले वाढली, तशी व्यक्तीच्या जागी एजन्सी आली. २००५ मध्ये संसदेने खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा संमत केला. तो मार्च २००६ पासून अमलात आला. महाराष्ट्राने त्याखालील नियम २००७ मध्ये केले.

या कायद्याचा गाभा साधा आहे. परवान्याशिवाय कोणालाही सुरक्षा एजन्सी चालविता येत नाही. एका जिल्ह्यापुरता परवाना हवा असेल तर पाच हजार रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत दहा हजार आणि संपूर्ण राज्यासाठी पंचवीस हजार रुपये, असे शुल्क कायद्यातच नमूद आहे. विनापरवाना एजन्सी चालविल्यास एक वर्षापर्यंत कैद, पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

रक्षकासाठीही अटी आहेत. तो भारताचा नागरिक असावा, वय १८ पूर्ण व ६५ च्या आत असावे, चारित्र्याची पडताळणी झालेली असावी आणि त्याने विहित प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे. केंद्राने २००६ मध्ये काढलेल्या आदर्श नियमांत पुरुषांसाठी १६० सेंटिमीटर आणि महिलांसाठी १५० सेंटिमीटर उंची सांगितली आहे. पोलीस भरतीत पुरुषांची किमान उंची १६५ सेंटिमीटर असते. तेथे दोन-तीन सेंटिमीटरने हुकलेला उमेदवार येथे पात्र ठरतो, हा बारकावा भरतीच्या वर्गांतील मुलांना चांगलाच ठाऊक असतो.

प्रशिक्षणाची अपेक्षा तर वाचणाऱ्याला चकित करील अशी आहे. किमान १०० तास वर्गातील शिक्षण आणि ६० तास प्रत्यक्ष सराव, तोही निदान २० कामकाजाच्या दिवसांत विभागलेला. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना यात सवलत आहे. अभ्यासक्रमात अग्निशमन, प्रथमोपचार, गर्दीचे नियंत्रण, ओळखपत्रांची तपासणी, स्फोटक वस्तूंची ओळख, आपत्तीच्या वेळी करावयाची कृती, स्वसंरक्षणाचा अधिकार आणि पोलीस ठाण्यात प्रथम माहिती अहवाल नोंदविण्याची पद्धत, हे सारे विषय आहेत. पंधरा रक्षकांमागे एक पर्यवेक्षक असावा, दंडावर एजन्सीचा बिल्ला असावा, शिटी डाव्या खिशात दोरीला बांधलेली असावी, बूट नाडीचे असावेत, इतक्या बारीक गोष्टी नियमांत लिहिल्या आहेत.

कागदावरचा हा रक्षक पाहिला तर कोणत्याही संस्थेने निश्चिंत व्हावे. प्रत्यक्षात मात्र सकाळी एजन्सीच्या कार्यालयात गेलेला तरुण सायंकाळी शर्ट-पँटचा जोड आणि टोपी घेऊन ‘पॉइंट’वर उभा असतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. १६० तासांचे प्रशिक्षण आदल्या शिफ्टच्या माणसाने दिलेल्या पंधरा मिनिटांच्या माहितीत उरकते : पाण्याची मोटर केव्हा लावायची, रजिस्टर कोठे ठेवायचे आणि साहेबांची गाडी कोणती.

फाटकावरचे काम

चोर पकडणे हे रक्षकाचे मुख्य काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. चोरी, आग किंवा अपघात घडूच नये आणि घडल्यास पहिल्या काही मिनिटांत योग्य व्यक्तीपर्यंत वार्ता जावी, हे या कामाचे मर्म आहे. म्हणूनच त्याची मूलतत्त्वे अगदी नीरस वाटावीत अशी आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याची आणि वाहनाची वेळेसह नोंद, गेटपासशिवाय माल बाहेर न सोडणे, किल्ल्यांचे वेगळे रजिस्टर, ठरलेल्या वेळी राऊंड आणि शिफ्ट बदलताना दुसऱ्याला तोंडी नव्हे तर लेखी सुपूर्दगी. पुढे एखादे प्रकरण पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात गेले की याच नोंदवहीच्या पानाला मोल येते.

या कामाचे गांभीर्य दोन दुर्घटनांनी महाराष्ट्राला दाखविले आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बालकांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातील करोना अतिदक्षता कक्षात आग लागली आणि अकरा रुग्ण दगावले. या घटनांची कारणे आणि जबाबदाऱ्या वेगळ्या होत्या; त्या पहारेकऱ्यांच्या माथी मारण्याचे कारण नाही. परंतु रात्रीच्या वेळी इमारतीत सतत फिरणारा माणूस बहुधा सुरक्षा रक्षक हाच असतो. धुराचा वास ओळखणे, वीजपुरवठ्याचा मुख्य खटका कोठे आहे हे माहीत असणे, अग्निशामक नळकांडे हाताळता येणे आणि बाहेर पडण्याच्या दाराला कुलूप नसल्याची रोज खात्री करणे, एवढे त्याला आले पाहिजे. परभणीसारख्या जिल्ह्यात, जेथे कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात रुईचे ढीग लागतात, तेथे तर अग्निशमन हा पहाऱ्याचा पहिला धडा असावयास हवा.

दुसरे मूलतत्त्व अधिकाराच्या मर्यादेचे. वर्दीमुळे रक्षकाला आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या नागरिकालाही, तो जणू अर्धा पोलीसच आहे असे वाटू लागते. कायद्याच्या दृष्टीने त्याला सामान्य नागरिकापेक्षा अधिक अधिकार नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणताही खासगी नागरिक पकडू शकतो. मात्र त्याला विनाविलंब आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. रक्षकाचा अधिकार तो एवढाच, आणि भारतीय न्याय संहितेने प्रत्येकाला दिलेला स्वसंरक्षणाचा. संशयिताला खोलीत कोंडून मारहाण करणे, कबुलीजबाब लिहून घेणे, मोबाइल हिसकावून तपासणे, यांपैकी काहीही त्याच्या कक्षेत येत नाही. महिलेची झडती महिलेनेच घ्यावयाची. सैन्यदले किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा दिसणारा गणवेश एजन्सीने वापरणे हाही २००५ च्या कायद्याखाली गुन्हा आहे.

या मर्यादा न सांगता तरुणाला फाटकावर उभे करणे म्हणजे त्यालाच संकटात लोटणे होय. व्यवस्थापनाच्या तोंडी आदेशावरून त्याने एखाद्याला चोप दिला, तर गुन्हा दाखल होतो तो त्याच्यावर. आणि एकदा गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत अडकणारी त्याची पोलीस भरतीची उरलीसुरली आशाही मावळते.

आठवड्याचे १६८ तास

नियम इतके स्पष्ट असताना ते मोडतात कोठे? याचे उत्तर शोधण्यासाठी गुन्हेगारीची आकडेवारी पाहावी लागत नाही. शाळेतील अंकगणित पुरते. आठवड्यात १६८ तास असतात. कामाचा आठवडा ४८ तासांचा. चोवीस तास उघड्या असलेल्या एका फाटकाला म्हणून १६८ भागिले ४८, म्हणजे साडेतीन माणसे लागतात. तीन शिफ्टचे तिघे आणि साप्ताहिक सुटी, आजारपण यांसाठी अर्धा ‘रिलिव्हर’.

प्रत्यक्षात बहुसंख्य ठिकाणी करार होतो तो दोन माणसांचा. बारा तास दिवसपाळी, बारा तास रात्रपाळी, सुटी नाही. म्हणजे प्रत्येकाचे आठवड्याला ८४ तास. रिलिव्हर आला नाही तर ‘डबल ड्युटी’, म्हणजे सलग चोवीस तास. हे दोघे स्वस्त का पडतात? जादा तासांना दुप्पट दराने वेतन द्यावयाचे झाले, तर ८४ तासांपैकी ३६ तास दुपटीचे होतात. प्रत्येकाला १२० तासांचे आणि दोघांना मिळून २४० तासांचे वेतन पडते. साडेतीन माणसांना मात्र १६८ तासांचेच द्यावे लागते. कायदा पाळावयाचा ठरविला तर दोन माणसांचा पहारा साडेतीन माणसांपेक्षा कितीतरी महाग आहे. तो स्वस्त होतो तो जादा कामाचे पैसे न दिल्यामुळेच. ही बचत कार्यक्षमतेची नव्हे; ती एका माणसाच्या झोपेतून आणि खिशातून काढलेली आहे.

दहाव्या तासाला डुलकी लागलेल्या पहारेकऱ्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरविणे सोपे असते. त्याला बारा तास उभे करणारा करार कोणी मंजूर केला, हे मात्र कोणी विचारीत नाही. शासकीय कार्यालयांपासून गृहनिर्माण संस्थांपर्यंत सर्वत्र सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली जाते. किमान वेतन, विशेष भत्ता, भविष्य निर्वाह निधी, विमा आणि रिलिव्हर यांचा हिशेब मांडला की एका खालचा दर कायद्याने शक्यच नसतो, हे निविदा उघडणाऱ्यालाही दिसत असते. तरीही तो दर मंजूर होतो आणि उरलेली तफावत रक्षकाच्या वेतनातून भरून निघते.

कायदे दोन, रक्षकाचे वर्ग तीन

महाराष्ट्राने या शोषणाचा विचार इतर राज्यांच्या कितीतरी आधी केला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये केलेल्या कायद्याच्या धर्तीवर राज्याने १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) कायदा केला. त्याखालील पहिले मंडळ बृहन्मुंबई आणि ठाणे जिल्ह्यासाठी स्थापन झाले. मूळ मालक मंडळाकडे नोंदणी करतो, वेतन आणि त्यावरील लेव्ही मंडळात भरतो. मंडळ रक्षकाला वेतन देते आणि भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा, उपदान यांची तजवीज करते. वेतन मधल्या ठेकेदाराच्या हातातून जात नाही, हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य.

या मंडळाच्या कार्डाला मुंबईत आजही किंमत आहे. परंतु मंडळांचा विस्तार जिल्ह्याजिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने झाला आणि एजन्सींना सूट देण्याची तरतूदही कायद्यात होती. पुढे २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर महत्त्वाच्या आस्थापनांच्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला आणि राज्याने २०१० मध्ये कायदा करून महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ स्थापन केले. परिणामी एकाच कामाचे तीन वर्ग निर्माण झाले : महामंडळाचा रक्षक, मंडळाचा रक्षक आणि एजन्सीचा रक्षक. तिघांचे काम जवळपास सारखेच. वेतन आणि संरक्षण मात्र निरनिराळे. तिसरा वर्ग सर्वांत मोठा आणि सर्वांत असुरक्षित. गावातून ओळखीच्या माणसाचा हात धरून आलेला तरुण बहुधा याच वर्गात येऊन पडतो.

त्याला कायद्याचा आधार अगदीच नाही, असे नव्हे. २००५ च्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत किमान वेतन, वेतन प्रदान, भविष्य निर्वाह निधी, बोनस, उपदान यांसंबंधीचे कायदे नोंदविले होते आणि त्यांचा भंग हे एजन्सीचा परवाना रद्द करण्याचे कारण ठरविले होते. परवाना देणारी यंत्रणा गृह खात्याची आणि वेतन तपासणारी कामगार खात्याची. दोघांच्या फाइली एकमेकींना भेटत नाहीत, तोवर ही तरतूद निद्रिस्तच राहणार.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार श्रमसंहिता लागू केल्या. नियुक्तिपत्र, दुप्पट दराने जादा वेतन आणि सर्वांना किमान वेतन या गोष्टी त्यांत आहेत. मात्र एक बदल छोट्या शहरांनी नीट समजून घ्यावा असा आहे. १९७० च्या केंद्रीय कंत्राटी कामगार कायद्यात २० कामगारांची मर्यादा होती. नव्या संहितेत ती ५० झाली. मुंबई-पुण्याच्या हजारो रक्षकांच्या कंपन्यांना त्याने फरक पडत नाही. जिल्ह्याच्या गावी तीस-चाळीस माणसे पुरविणारी एजन्सी मात्र कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींतून बाहेर राहते. किमान वेतन तिला चुकत नाही. पण ते दिले जाते की नाही हे पाहणारा एक डोळा कमी होतो.

नोकरी धरण्यापूर्वी

ज्या तरुणाला हे काम पत्करावयाचे आहे, त्याने काही गोष्टी पहिल्याच दिवशी मागून घेतल्या पाहिजेत. एजन्सीचा परवाना आहे का आणि तो कोणत्या जिल्ह्यासाठी आहे, हे विचारण्यात संकोच नसावा. नियुक्तिपत्र आणि छायाचित्रासह ओळखपत्र हा उपकार नव्हे, हक्क आहे. भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक स्वत:च्या मोबाइलशी जोडून घ्यावा आणि कपात होते तेवढी रक्कम दरमहा जमा होते का, ते पाहावे. वेतन बँक खात्यातच घ्यावे. शाळा सोडल्याचा दाखला किंवा गुणपत्रिका मूळ स्वरूपात कोणाकडेही ठेवू नये. गणवेशाच्या नावाने पहिल्या पगारातून मोठी कपात होणार असेल तर ती आधी लिहून मागावी. स्वत:च्या हजेरीची नोंद रोज एका वहीत करावी. वाद झाला तर एजन्सीचे हजेरीपत्रक तिच्याकडे असते, तुमच्याकडे ही वहीच असते.

सुपरवायझर, फील्ड ऑफिसर, नियंत्रण कक्ष, अग्निसुरक्षा अशा वरच्या पायऱ्या या व्यवसायात आहेत. संगणक, सीसीटीव्ही आणि अग्निशमन यांचे ज्ञान ज्याने मिळविले, तो फाटकावरून आत जाऊ शकतो. परभणीत कृषी विद्यापीठासारखी विस्तीर्ण आवाराची संस्था आहे, जिल्हा रुग्णालय आहे, बाजार समित्या आणि गोदामे आहेत. भरतीपूर्व वर्ग चालविणाऱ्यांनी धावण्याच्या सरावाबरोबर अग्निशमन आणि प्रथमोपचाराचे रीतसर प्रशिक्षण जोडले, तर भरतीत न निवडल्या गेलेल्या मुलाच्या हाती निदान एक खरे प्रमाणपत्र पडेल.

पण केवळ रक्षकाच्या सावधपणाने हा प्रश्न सुटणारा नाही, कारण अटी ठरविण्याची ताकद त्याच्याकडे नाही. ती आहे गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत, महाविद्यालयाच्या व्यवस्थापन मंडळात, रुग्णालयाच्या खरेदी समितीत. देखभाल खर्चात शंभर रुपयांची वाढ नको म्हणून हात वर करणारा सभासद हाच येथे मालक असतो. करारावर सही करण्यापूर्वी त्याने एजन्सीला एवढेच विचारावे : आमच्या एका फाटकाला तुम्ही किती माणसे देणार? उत्तर ‘दोन’ असे आले, तर उरलेल्या दीड माणसाचे काम कोण करणार आणि त्याचे पैसे कोणाला मिळणार, हा पुढचा प्रश्न आपोआपच येतो. तो सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवण्याइतके धैर्य सभासदांनी दाखविले, तरी बारा तासांच्या कराराला पहिला अटकाव तेथेच होईल.